पारूकाकूंचे ढेकूण

खडकवाडी गावात गेनू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? आई म्हणाली, "चुलीवरच्या दुधावर नजर ठेव." गेनूने ठेवली. दूध तापलं, वर आलं, उतू गेलं, चूल विझली. आई धावत आली तर गेनू डोळे फाडून बसलेला. म्हणाला, "आई, एकदासुद्धा नजर हलवली न्हाई."

असा हा गेनू लग्नाचा झाला. पण मुलगी कोण देणार? चार ठिकाणं आली, चहा पिऊन गेली, पुन्हा फिरकली नाहीत. आई रडकुंडीला आली आणि भावाकडे गेली. भावाचं, म्हणजे हणमंतमामांचं, बाजारपेठेत औषधाचं दुकान होतं.

"हणमंता, पोराला दुकानात घे. गल्ल्यामागं उभा दिसला तर कुणीतरी पोरगी दील."

मामांनी आधी वर बघितलं, मग बहिणीकडे बघितलं. बहिणीच्या डोळ्यात पाणी होतं. मामा म्हणाले, "धाड."

पहिल्या दिवशी मामांनी धंदा शिकवला. "हे बघ गेनू. आपल्या गिऱ्हाइकाला औषधाचं नाव येत न्हाई. गोळ्या संपल्या की रिकामी पट्टी घेऊन येतंय. तू पट्टी बघायची आणि तसलीच भरलेली द्यायची. आणलंय तसंच द्यायचं. डोकं चालवायचं न्हाई."

डोकं चालवायचं नाही हे ऐकून गेनूला फार बरं वाटलं. आजवर सगळे त्याला ते चालवायलाच सांगत होते.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते पिठाच्या गिरणीवालं. त्याने खिशातून पट्टी काढली. गिरणीत उंदीर फार, त्यांनी पट्टीचा एक कोपरा कुरतडलेला होता. गेनूने पट्टी उलटसुलट बघितली, तसलीच नवी काढली आणि कोपऱ्यात जाऊन बसला. गिऱ्हाईक ताटकळलं. मामा बघायला गेले तर गेनू नवी पट्टी दातांनी कुरतडत होता.

"आरं, काय खातोयस?"

"खात न्हाई मामा. त्यांच्यासारखी करतोय. उंदराचे दात बारीक असत्यात, येळ लागतोय."

मामांनी पट्टी ओढून घेतली. "आरं बाबा, जुनं ते टाकायचं आणि नवं ते द्यायचं! कळलं?"

"कळलं," गेनू म्हणाला. त्याला प्रत्येक गोष्ट कळायची, हीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी बर्गे गुरुजी आले. त्यांची हिरडी सुजली होती. दाखवावी म्हणून त्यांनी कवळी काढून काउंटरवर ठेवली आणि आ केला. गेनूने कवळीकडे बघितलं. पिवळी पडलेली, एक दात तुटलेला, बरीच जुनी. त्याने ती उचलली आणि दुकानासमोरच्या गटारात भिरकावली. मग कपाटातून नवाकोरा दात घासायचा ब्रश काढून गुरुजींच्या हातात दिला.

गुरुजी जे बोलले त्यातलं एक अक्षर कुणाला समजलं नाही. दात नव्हते म्हणून गाव एका मोठ्या शिवीला मुकलं. मामा स्वतः बाह्या सारून गटारात उतरले. वर आले ते कवळी घेऊन आणि लालबुंद होऊन.

"गिऱ्हाइकाची वस्तू कधी टाकायची न्हाई! जी वस्तू गिऱ्हाईक आणील ती जशीच्या तशी, सांभाळून, त्याची त्याला परत करायची. कितीही बारीक असू दे!"

"बारीक असली तरी?"

"बारीक असली तरी!"

तिसऱ्या दिवशी आल्या पारूकाकू. पारूकाकू म्हणजे गावातलं वजनदार माणूस, अंगानंही आणि तोंडानंही. गुडघ्याच्या गोळ्या संपल्या होत्या. डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत कुठेतरी होती, म्हणून काकूंनी पिशवी काउंटरवर उपडी केली. चिठ्ठी पडली, पानाची चंची पडली, अर्धा लाडू पडला, आणि त्यामागून ढेकूण निघाले. एक-दोन नव्हेत. घरचं कार्य असल्यासारखे सहकुटुंब.

शेजारची गिऱ्हाइकं पायरीवरून खाली उतरली. काकूंनी मान ताठ केली. "आमच्यात असलं काय न्हाई. एस्टीतलं असतील. तुमच्या दुकानातलंबी असतील, कुणी सांगावं!"

गोळ्या घेऊन त्या तरातरा निघून गेल्या. मामा झाडू आणायला आत वळले. पण गेनूला कालचं आठवलं. त्याने औषधाची एक रिकामी बाटली घेतली, एकेक ढेकूण अलगद उचलून आत घातला, आणि बाटली छातीशी धरून एस्टी स्टँडकडे पळाला. काकू तिथे चारपाच बायकांत बसल्या होत्या.

"काकू! ओ काकू! तुमचे ढेकूण ऱ्हायले दुकानात!"

सगळं स्टँड वळून बघायला लागलं.

"माझं न्हाईत म्हणून सांगितलं न्हवं तुला मुडद्या!"

"तुमचेच हायेत. लाडवासंगट निघालेले. सगळे उचललेत, मोजून घ्या."

काकूंनी छत्री उगारली. उभ्या एस्टीतला कंडक्टर हसता हसता घंटीच्या दोरीला लोंबकळला. गेनू बाटली घेऊन परत आला आणि त्याला वाईट वाटलं. एवढं सांभाळून आणलं आणि मालकीण ओळख देईना. त्याने झाकणाला सुईने भोकं पाडली, बाटलीवर कागद चिकटवून 'पारूकाकू' असं लिहिलं, आणि बाटली मागच्या फळीवर ठेवली. आज ना उद्या नेतील.

ती गोष्ट मामांच्या कानावर गेली. या खेपेला ते ओरडले नाहीत. माणूस एका मर्यादेपर्यंतच ओरडू शकतो.

"गेनू, धंद्यात गिऱ्हाइकाची लाज राखावी लागती रं. लाजेची गोष्ट चारचौघांत बोलायची न्हाई. कागदात गुंडाळायची, गुपचूप पिशवीत सरकवायची, आणि बोलायचंच झालं तर कानात."

"कानात," गेनू म्हणाला.

दोन दिवसांनी मामा गिऱ्हाइकांच्या घोळक्यात उभे होते. कुणीतरी घरून जुन्या औषधांचं खोकं आणलं होतं, त्यातून एक झुरळ निघालं, मामांच्या बाहीवरून चढलं आणि मानेशी थबकलं. गेनू समोरच होता. त्याने सगळं बघितलं. पण गिऱ्हाइकं होती ना! तो गप्प राहिला. झुरळ कॉलरीतून आत उतरलं. मामा एकदम उडाले. खोकल्याची बाटली फुटली, ताकदीच्या औषधाचे डबे कोसळले, आणि मामा गावासमोर सदरा काढून नाचले. गिऱ्हाइकं पांगल्यावर गेनू हळूच जवळ आला आणि मामांच्या कानाला लागला.

"मामा, तुमच्या सदऱ्यात झुरळ गेलंय."

"मग आधी का बोलला न्हाईस?"

"चारचौघं होती."

मामांनी त्याचे दोन्ही खांदे धरले. "असलं काही अंगावर दिसलं, की तिथल्या तिथं ओरडायचं! देव बसलेला असू दे न्हाईतर दिवाण!"

अशी गेनूची शाळा चालली असताना पिंपळदऱ्याहून निरोप आला. तिथले बळवंतअण्णा मुलगा बघायला दुकानातच येणार होते. मुलीचं नाव वैजू. गेनूने तिला जत्रेत एकदा पाहिलं होतं. पाळण्यातून उतरताना त्याची चप्पल वर राहिली, तो पाळण्याबरोबर चपलेला हाका मारत पळत होता, तेव्हा ही मुलगी हसली होती. चिडवून नव्हे, नुसती मोकळी हसली होती. गेनू ते विसरला नव्हता. त्याने देवाला नारळ बोलला. आईने पाच बोलले. मामांनी किती बोलले ते त्यांनी सांगितलं नाही.

अण्णा आले. मामांनी रामराम घातला, "बसा पाहुणं, च्या सांगून येतो," म्हणाले आणि जाताना गेनूच्या कानात पुटपुटले, "शिकवलंय तेवढंच कर."

दुकानात दोन बायका होत्या. अण्णांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी पुढे केली. गेनूने तसलीच भरलेली दिली. कुरतडली नाही. मग अण्णांनी इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून एक काड्यापेटी काढून पुढे सरकवली.

आता अण्णांचंही एक दुखणं होतं. घरात ढेकूण झाले होते. मागच्या खेपेला वैजूला बघायला आलेले पाहुणे पोह्यांच्या आधीच खाजवत उठले आणि निरोपसुद्धा न धाडता गप्प बसले. अण्णांनी नमुन्याला दोन ढेकूण काड्यापेटीत आणले होते. पण बोलणार कोणत्या तोंडाने?

"हे जरा बघा," ते पुटपुटले. "समजून घ्या."

गेनूने पेटी किंचित उघडली. आत दोन ढेकूण. त्याने मामांचे दोन्ही धडे आठवले. आणलंय तसंच भरून द्यायचं. गिऱ्हाइकाची वस्तू टाकायची नाही. अण्णांचे दोन त्याने तसेच ठेवले, मागे जाऊन पारूकाकूंची बाटली काढली आणि पेटी गच्च भरली. मग वर्तमानपत्रात गुंडाळून ती गुपचूप अण्णांच्या पिशवीत सरकवली.

बायकांना काही कळलं नाही. अण्णांना फार बरं वाटलं.

"वापरायचं कसं?" त्यांनी हळूच विचारलं.

गेनू कानाशी लागला. "गाद्यांच्या मधी उघडून ठेवायची. फुडचं त्यांचं ते बघत्यात. कमी पडलं तर सांगा, अजून हायेत."

मामा चहा घेऊन आले तर अण्णांचे डोळे पाणावलेले. "हणमंतराव, पोरगा हिरा हाय तुमचा. चारचौघांत माणसाची लाज राखणारा जावई शोधून मिळत न्हाई. सुपारी फोडायला या."

मामांनी गेनूकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि चहाचे दोन्ही कप स्वतःच प्यायले.

सुपारीच्या दिवशी खडकवाडीचं अर्धं गाव पिंपळदऱ्याला गेलं. पारूकाकूही होत्या, कुणाचीही सुपारी त्यांच्याशिवाय फुटत नसे. अण्णांनी ज्यांच्यामध्ये पेटी उघडून ठेवली होती, त्याच गाद्या ओसरीवर अंथरल्या होत्या. सगळे मांडी घालून बसले. भटजींनी मंत्र सुरू केले. जरा वेळाने मामांनी पोटरी खाजवली. मग अण्णांनी मांडी खाजवली. पारूकाकू तर पाठ खांबाला घासत होत्या. पण बोलायला कुणी तयार नाही. पाहुण्यांना वाटलं, आपणच घरून आणले असतील. घरच्यांना वाटलं, पाहुण्यांना दिसले नसतील. भटजी एका हाताने अक्षता टाकत होते आणि दुसऱ्याने खाजवत होते. सगळं कसं सभ्यपणाने चाललं होतं.

आतल्या दारात वैजू उभी होती. गेनूने तिच्याकडे बघितलं. सुपारी फुटायचीच काय ती बाकी होती.

आणि अण्णांच्या फेट्यावरून एक ढेकूण चालत निघाला.

देव बसलेला असू दे न्हाईतर दिवाण! गेनू उडी मारून उठला. "मामा! पाहुण्यांच्या अंगावर ढेकूण! तुमच्याबी! भटजींच्याबी! घाबरू नका, वळखीचे हायेत! आपल्याच दुकानातले! काकू, बघा, तुमचेच! मीच पेटीत भरून दिले अण्णांना!"

पारूकाकूंनी पदर तोंडावर घेतला. अण्णा उठून उभे राहिले. "औषध दिलंतं न्हवं मला?"

"औषध पट्टीचं दिलं की. पेटी तुम्ही आणली तशी भरून दिली."

मामांनी डोळे मिटून घेतले. अण्णांचा चेहरा फेट्याहून लाल झाला. "हणमंतराव! तुमच्या दुकानातनं माझ्या घरात जे जे आलंय ते आत्ताच्या आत्ता उचला आणि चालायला लागा!"

माणसं चपला हातात घेऊन पळाली. ओसरीवर फक्त अण्णा राहिले, डोक्याला हात लावलेले मामा राहिले, आणि गेनू. तो गादीवर ओणवा झाला होता. एकेक ढेकूण चिमटीत धरून गाद्यांत सापडलेल्या त्याच काड्यापेटीत घालत होता. मोठं जिवावरचं काम होतं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण गिऱ्हाइकाने सांगितलं ते सांगितलं. दारामागे बांगड्या किणकिणल्या आणि तेच जत्रेतलं हसू फुटल्याचा आवाज आला.

सगळं उचलून झाल्यावर गेनू उठला. अण्णांजवळ गेला. आता लोक नव्हते, पण माणसाची लाज ती लाज. तो त्यांच्या कानाला लागला आणि उघडी काड्यापेटी त्यांच्या नाकासमोर धरली.

"अण्णा, ह्यातले दोन मूळचे तुमचे. कुठले, तेवढे वळखून काढून घ्या."