चांगलं बोला

साठ फूट खोल विहिरीत माणसं सोडणाऱ्या यारीचा दोर झिजला होता; त्याच्या तारा कुसळांसारख्या बाहेर आल्या होत्या. बकेटमध्ये पाय टाकलेल्या भावाकडे बघत सगुणा म्हणाली, "मालक, दोर बदला. हा तुटणार."

ठेकेदार लवटे नुकताच सकारात्मक विचारांचं तीन दिवसांचं शिबिर करून आला होता. "तुटणार म्हणायचं नाही, सगुणाबाई! अभद्र बोललं की अभद्रच घडतं. दोर मजबूत आहे म्हणा, तो मजबूत होतो."

काठावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. जन्मभर त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

सगुणाने दोन्ही उघडी मनगटं ठेकेदारापुढे धरली.

"गेल्या साली तुमचा असाच दोर तुटला आणि माझा नवरा गेला. ह्याच थोरामोठ्यांसमोर माझ्या बांगड्या दगडाने फोडल्या. पण फोडल्या असं कुणी म्हणालं नाही हो मालक. अभद्र नको, म्हणून 'वाढवल्या' म्हणाले. बघा की, किती वाढल्यात!"

भावाने बकेटमधला पाय बाहेर काढला आणि त्याच्या जागी कुणीच पुढे होईना. शेवटी लवटेने नव्या दोरासाठी तालुक्याला गाडी पिटाळली, तेव्हा म्हातारे जमिनीकडे बघत होते.