साठाव्या कवळीचा गूळ

ऊसवाल्या एका गावात एक जाळव्या होता आणि त्याला जरा म्हणून दम निघत नसे. जाळव्या म्हणजे गुऱ्हाळात चुलाणाच्या खड्ड्यात बसून जाळ घालणारा. वर भल्यामोठ्या काहिलीत रस उकळायचा, आणि ती कधी उतरवायची हे ठरवायचा म्हातारा गुळव्या.

तीन हंगाम झाले तरी गुळव्यानं त्याला रस ढवळायच्या झाऱ्याला हात लावू दिला नव्हता. रोज वरून फक्त विचारायचा, "काय रे, आज रस काय म्हणतोय?"

"रस काय बोलतो होय? म्हातारा विद्या दाबून ठेवतोय," असं म्हणत हा आतल्या आत धुमसायचा. शेवटी त्यानं स्वतःच शोध लावला. चिपाडाच्या बरोब्बर साठ कवळ्या, म्हणजे कवेत मावतील एवढ्या मोळ्या, जाळल्या की गूळ तयार! झालं, आता कशाला हवाय म्हातारा?

एके दिवशी गुळव्याला परगावी जायचं होतं. तो म्हणाला, "आजची काहील तुझी. गूळ बसला तर पुढच्या हंगामात झाराही तुझा."

जाळव्याला आनंदानं बसवेना. त्यानं दुसऱ्याला खड्ड्यात बसवलं आणि वर उभा राहून कवळ्या मोजू लागला. चिपाडं दवानं ओली होती, नुसता धूर होत होता. साठ झाल्या तरी रस खळखळतच होता. त्याला चुटपुट लागली.

उसाची मालकीण म्हणाली, "दादा, पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघा की. लेकीच्या लग्नाचा गूळ आहे."

"काही नको. उतरवा," तो म्हणाला.

गूळ बसलाच नाही. गूळ निववायच्या वाफ्यात नुसता चिकट पाक पडून राहिला. बाई डोळ्याला पदर लावून घरी गेली.

संध्याकाळी गुळव्या आला. पाकात बोट बुडवून म्हणाला, "साठाव्या कवळीला काय ऐकलंस?"

"खळखळत होता. रटरटायला लागला नव्हता," जाळव्या खाली मान घालून म्हणाला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

तीन हंगाम खड्ड्यात बसून आपल्या कानानंच ते शिकून घेतलंय, हे जाळव्याला आत्ता कळलं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गुळव्यानं आपला ऊस त्या बाईसाठी गाळला. जाळव्या आपणहून खड्ड्यात उतरला. आज त्यानं एकही कवळी मोजली नाही. वर रस रटरटू लागला, तसा तो खालूनच ओरडला, "उतरवा!"

गुळव्यानं पाण्यात थेंब टाकला. टणक गोळी झाली. त्यानं झारा खाली जाळव्यापुढे केला.

तात्पर्य एवढंच: काम करता करता अंगात मुरतं ते शिक्षण. ते कवळ्या मोजून मिळत नाही, आणि मुरलं असेल तर त्याचं ऐकावं लागतं.