एका किकची पैज

गार झाली की जुनी क्रूझर मोटारसायकल हटून बसायची, म्हणून सरपंच घाटग्यांनी गिऱ्हाईक यायच्या आत ती गुपचूप तापवून ठेवली.

गाडी विकत घ्यायला मुजावर नर्सबाई आल्या. पारावरच्या चारचौघांसमोर सरपंच हसले, "गाडी शिकणार? बाईमाणसाला पेलायची नाही! दसऱ्यापासून हिला हात लावला नाही, तरी एका किकमध्ये सुरू होते. नाही झाली, तर फुकट न्या!"

पेशंटच्या कपाळावर ठेवावा तसा बाईंनी इंजिनावर हात ठेवला. चटकाच बसला.

"मारा की किक," त्या म्हणाल्या. "पण आधी चहा होऊ द्या."

चहा चांगलाच लांबला. मग सरपंचांनी किक मारली. गाडी ढिम्म! पारानं आ वासला. सरपंचांच्या तोंडचं पाणी पळालं.

बाई सीटवर बसल्या. "पेलायचं मी शिकेन, सरपंच. तुम्ही तेवढं मागून ढकला!"