ठकूचं मापटं

पाय आत घ्या बघू गोधडीत. हं, असं.

तर एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत एक तळं होतं आणि तळ्याच्या काठाला पळसवण नावाचं गाव होतं. गाव लहानसं. घरटी थोडं थोडं भात पिकायचं, रोज पेज व्हायची, सणाला खीर व्हायची. तिथे ठकू नावाची बाई राहायची. नाव ठकू, पण कुणाला ठकवणं तिला ठाऊक नव्हतं बरं का! तिचा नवरा महिपती. आणि तिची जिवाची मैत्रीण सारजा. दोघींची शेतं बांधाला बांध लागून.

एक दिवस ठकू तळ्यावर पाण्याला गेली. बघते तर काय, करवंदीच्या जाळीत एक म्हातारी अडकलेली! लुगडं ओलंचिंब, अंगभर काटे. ठकूनं घागर खाली ठेवली. एकेक काटा हलक्या हातानं काढला, पदरानं रक्त पुसलं. शेवटचा काटा निघाला आणि म्हातारीची झाली तरणीताठी बाई. ती होती आसरा. आसरा म्हणजे पाण्यात राहणारी देवी.

"माग काय हवं ते," आसरा म्हणाली.

"माझ्या गावाची भरभराट होऊ दे," ठकू म्हणाली.

आसरा हसली. "भरभराट कशाला म्हणायचं ते तुम्हा माणसांनाच ठाऊक. माझ्याकडे धान्य आहे, ते देते." तिनं पाण्यातून एक लाकडी मापटं काढलं. आपण धान्य मापतो ना, तसलंच. "हे उपडं धर. पुरे म्हणेपर्यंत भात पडत राहील."

मग ठकूनं घरी येऊन मापटं उपडं धरलं. सरसर, सरसर! कणगी भरली, पडवी भरली, माळा भरला. महिपती तर नाचायलाच लागला.

"आता बाजारात नेऊ," तो म्हणाला. "स्वस्तात देऊ. आपलंही भलं, लोकांचंही भलं."

ठकूला पटलं. का नाही पटणार?

मग गाड्या भरभरून भात बाजारात गेलं. लोकांच्या नुसत्या उड्या पडल्या. ठकूच्या हातात सोन्याच्या पाटल्या आल्या. पण त्या दिवशी सारजाची गाडी भरलेलीच परत आली. वर्षभराचा घाम होता त्या पोत्यांत. ठकूच्या दरानं विकायचं, तर बैलांच्या पेंडीचा खर्चसुद्धा सुटत नव्हता. ठकू धावत गेली.

"सारजे, रडतेस कशाला? तुला हवं तेवढं भात मी देते."

"मला तुझं भात नको," सारजा म्हणाली. "माझं विकलं जायला हवं होतं."

आणि थोड्याच दिवसांत सारजा नवऱ्याला घेऊन डोंगरापलीकडे माहेरी राहायला गेली. जाताना तिनं ठकूकडे वळूनही बघितलं नाही.

ठकूला फार लागलं ते. तिनं पाटल्या उतरवल्या. म्हणाली, "विकायचंच नाही. सगळ्यांना फुकट वाटीन."

मग काय विचारता! घरोघरी कणग्या भरल्या, चुली दिवसभर पेटल्या. कुणी अर्धपोटी निजेना. ठकू दारात उभी राहून धूर बघायची आणि म्हणायची, झाली बाई भरभराट!

मग पेरणी आली. पण कुणी नांगर बाहेर काढेना. लोहाराचा भाता गार पडला. सुतार पारावर जांभया देत बसला. आधी कसं, आज एकाच्या शेतात सगळे राबायचे, उद्या दुसऱ्याच्या. गाणी व्हायची, थट्टा व्हायची, भांडणंसुद्धा व्हायची! आता जो तो आपल्या घरात जेवून लवंडलेला. एके दुपारी वावटळ आली आणि धोंडाई म्हातारीचं छप्पर उडालं. बिचारी दारोदार फिरली. "बाबांनो, जरा हात लावा रे."

लोक आतूनच म्हणाले, "ठकूकडे जा. तिच्याकडे मापटं आहे."

आता मापट्यातून छप्पर कुठलं पडायला! ठकू आणि महिपती दोघंच वासे उचलायला गेली. आढं, म्हणजे छपराचं मधलं मोठं लाकूड, काही दोघांना पेलेना. धोंडाई उन्हात बसून राहिली. ठकूनं आजूबाजूला बघितलं. सगळी दारं बंद. भरल्या गावात तिला भीती वाटली, बरं का.

"देवाचंच काही राहिलं असेल," ती मनात म्हणाली. तिनं भैरोबाच्या देवळात भाताची ही एवढी रास ओतली. पाटल्या मोडून कळसाला सोनं चढवलं. कळस कसा लखलखला! पण दरवर्षी लोक शेतातली पहिली लोंबी आणून देवापुढे ठेवायचे, "राखलंस रे बाबा" म्हणायचे. यंदा पेरलंच नाही, तर लोंबी कुठली? देवाची पूजा करणारा केरू गुरव पायरीवर एकटाच बसला होता.

"बाई," तो म्हणाला, "उंदरांची मात्र चंगळ आहे. देवाशी बोलायला कुणी येत नाही."

ठकू पायरीवर त्याच्या शेजारी बसली. मग तिच्या मनात काय आलं, तिनं त्या राशीतलं मूठभर भात घेतलं आणि परसात पेरलं. रोज पाणी घातलं. शेजारी तण माजलं, पण भाताचा एक कोंब वर आला नाही. मापट्यातलं भात पोट भरायचं, उगवायचं नाही! आणि गावात दुसरं बी होतंच कुठे? मापटं असताना ते कोण राखणार? ते तर केव्हाच कांडून खाल्लेलं.

मग ठकूनं मापटं उचललं आणि तळ्याची वाट धरली. सगळं गाव आडवं आलं.

"वेड लागलं का तुला?" महिपती ओरडला. "खायचं काय?"

"साठलंय ते पुरवून खाऊ. पुढं पिकवू."

"आणि बी?"

"मी आणते," ठकू म्हणाली. कुठून, ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण पाय थांबले नाहीत.

आसरा पाण्यातून वर आली. "काय गं, मिळाली का भरभराट?"

"नाही बाई. पण ती यात नव्हती, एवढं कळलं." ठकूनं मापटं पाण्यात सोडलं. बुडुक!

मग ती तशीच डोंगर चढून पलीकडे उतरली. सारजा शेतात कापणी करत होती. तिनं मान वर केली नाही. ठकूनं बांधावरचा विळा उचलला आणि सारजाच्या शेजारी कापायला वाकली. ऊन कललं, तशी सारजा म्हणाली, "तुझी पेंढी अजून वाकडीच बांधली जाते."

"तू शिकवलीस कुठे नीट?" ठकू म्हणाली. आणि दोघी हसत सुटल्या. हसता हसता रडल्या.

"माझं चुकलं गं," ठकू म्हणाली. "गावात बी नाही. देशील?"

"बी देईन," सारजा डोळे पुसत म्हणाली. "पण ते पेरायचं कसं, हे विसरला असाल तुम्ही ऐदी लोक. मीही येते."

मग पेरणीला सारजाची गाडी पळसवणात आली. बी थोडं, माणसं फार. इतके दिवस ठकूकडे राहिलेल्या धोंडाईचं छप्पर आधी सगळ्यांनी मिळून चढवलं. लोहारानं फाळ तापवले, सुतारानं नांगर नीट केले. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या कमरा अशा धरल्या, की गाण्याऐवजी नुसतं "आई गं, आई गं" ऐकू येत होतं! पण मग गाणीही आली. भात पिकलं. फार नाही, पण पिकलं. कुणाचं किडीनं खाल्लं, त्याला शेजाऱ्यानं दिलं. सारजाची गाडी बाजारातून रिकामी आली. आणि देवळात पहिली लोंबी ठेवायला अशी गर्दी झाली, की केरू गुरवाला स्वतःलाच आत शिरता येईना.

पुढच्या पावसाळ्यात खालच्या नदीपलीकडच्या गावात पुरानं सगळं धुऊन नेलं. तिथली माणसं मान खाली घालून मदत मागायला आली. पळसवणकरांनी गाड्या जुंपल्या. बी घेतलं, नांगर घेतले, पेजेची भांडी घेतली आणि सगळं गाव त्यांची शेतं पेरून द्यायला निघालं. पुढच्या गाडीवर ठकू आणि सारजा. दोघी मोठमोठ्यानं गात होत्या, आणि सुरात एकीचंही गाणं नव्हतं.

ती सगळी राबली, जेवली आणि गाढ झोपली. आता तुम्हीही डोळे मिटा. अगं, तिच्याही पायावर गोधडी ओढ जरा. हं. झोपा आता.