बैलाच्या किमतीची अंगठी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत. माणसं मात्र तेव्हाही ऐकत नसत.

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट सांगताना दरवेळी माझा संताप होतो. तरी सांगतो. कारण साखरपुडे घरोघरी होतात, आणि घरोघरी हाच घोळ होतो.

एका राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे एक तरुण तेली राहत होता. आईवडील लवकर गेले होते. मागे राहिलं होतं एक लहानसं घर, एक लाकडी घाणा आणि चांद्या नावाचा बैल. चांद्या दिवसभर घाण्याभोवती फिरे, तिळाचं तेल निघे आणि त्यावर दोघांचं पोट भरे. तेली आधी चांद्यापुढे पेंड ठेवी, मग स्वतःच्या ताटाकडे वळे. जू खांद्याला काचू नये म्हणून जुवाखाली जुन्या गोधडीची घडी घाली.

मुलगा खरोखर चांगला होता. म्हणूनच राग येतो. मूर्खाने मूर्खपणा केला तर आपण हसून सोडून देतो, शहाण्याने केला की जीव जळतो.

नदीपलीकडच्या गावात एक म्हातारा तेली होता. त्याला एक मुलगी होती. तिच्यासाठी स्थळ बघायला म्हातारा या तरुणाच्या घरी आला. तरुणाने घोंगडं अंथरलं, पण म्हातारा बसला नाही. तो सरळ गोठ्यात गेला, चांद्याच्या खांद्यावरून हात फिरवला, त्याच्याशी दोन शब्द बोलला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "जमलं. दसऱ्यानंतर साखरपुड्याला या."

तरुणाला वाटलं, घरावरची नवी कौलं म्हाताऱ्याला आवडली.

आता त्या राज्यात एक रीत होती. साखरपुड्याला अंगठी आणायची ती सरळ मुलीच्या बोटात घालायची नाही. आधी ती तबकात ठेवून मांडवभर फिरवायची. दोन्हीकडच्या प्रत्येक माणसाने ती उचलून बघायची, तळहातावर तोलायची, चार शब्द बोलायचे. सगळ्यांचं बोलून झालं की मग ती मुलीपर्यंत पोहोचायची. ही रीत कोणत्या रिकामटेकड्याने काढली कोण जाणे.

तरुणाने गाडग्यात थोडे पैसे साठवले होते. पाव तोळ्याची अंगठी त्यात सहज होत होती. पाव तोळ्याची करायची असं त्याने ठरवलंही होतं. तिथेच गोष्ट संपायला हवी होती. पण नाही. तो मामाकडे गेला आणि म्हणाला, "मामा, पाव तोळ्याची करतोय. बरी दिसेल ना?"

"पाव तोळा?" मामा म्हणाला. "भाच्या, एवढं तर लोक नाकात घालतात. आपल्या घराण्याचं काही आहे की नाही? निदान अर्धा कर."

मामाने स्वतःच्या लग्नात कोणती अंगठी केली होती हे विचारायचं तरुणाला सुचलं नाही. त्याने अर्धा तोळा धरला आणि शेजारच्या काकूंना सांगितलं.

"अर्धा म्हणजे ठीकच आहे हो," काकू म्हणाल्या. "आमच्या धाकट्याने केली होती त्याहून जरा कमी आहे, पण ठीक आहे. ज्याची त्याची ऐपत."

त्या 'ठीक आहे'ने त्याची झोप उडाली. तो सोनाराकडे गेला.

"मी काही बोलणार नाही," सोनार म्हणाला. "माझा धंदा पडला. मी बोललो तर लोक म्हणतील, स्वतःच्या फायद्याचं बोलतो. फक्त एवढं सांगतो, पाऊण तोळ्याच्या आतली अंगठी तबकात ठेवली तर तिचा आवाज येत नाही."

वाटेत पाटलीणबाई भेटल्या. त्यांनी विचारलंच. पाऊण तोळा ऐकून त्या गोड हसल्या. "तुझ्या परीने करतोयस, कर हो. आम्ही तोळ्याखालचं हातात धरत नाही, पण आमची गोष्ट वेगळी."

आता तुम्हीच बघा. या चौघांपैकी एकाच्याही बोटात ती अंगठी जायची नव्हती. एकालाही तिचे पैसे भरायचे नव्हते. पण तरुण घरी आला तो तोळ्याची अंगठी डोक्यात घेऊनच.

त्या संध्याकाळी चांद्यापुढे पेंड ठेवताना तो म्हणाला, "चांद्या, तोळ्याची अंगठी करावी लागणार."

"का?" चांद्याने विचारलं.

"लोक तसं म्हणतात."

"आणि मुलगी काय म्हणते?"

"तिला कसं विचारणार? किती खर्च करू असं विचारलं तर तिला वाटेल, नवरा कंजूष आहे."

"तिच्या बापाला विचार."

"त्यांना वाटेल, माझ्याकडे काही नाही."

"तुझ्याकडे काही नाहीच," चांद्या म्हणाला. "ते गोठ्यापर्यंत येऊन बघून गेलेत."

"तू गप्प बस. तुला सोन्यातलं काय कळतं?"

"सोन्यातलं नाही कळत. ओझ्यातलं कळतं."

चांद्याने आणखीही समजावलं. म्हणाला, मुलगी तेल्याच्या घरची आहे, तिचे हात दिवसभर तिळात आणि पेंडीत असतील, तोळ्याचं कडं बोटात घालून ती काम कशी करणार. म्हणाला, निरोप पाठव, नदी काही समुद्र नाही. तरुणाने हूं हूं केलं आणि गोठ्याचं दार लावून घेतलं. हूं हूं करणाऱ्या माणसाला सांगण्यापेक्षा घाण्याभोवती फिरलेलं बरं, निदान तेल तरी निघतं.

तोळ्याला पैसे पुरेनात. उसने कोणी देईना. ज्यांनी त्याला तोळ्यापर्यंत चढवलं त्या चौघांना नेमकी त्याच आठवड्यात स्वतःची अडचण निघाली. तेवढ्यात लाकडाचा एक व्यापारी गावातून चालला होता. जंगलातून ओंडके ओढायला त्याला बैल हवा होता. त्याने चांद्याचा भरलेला खांदा पाहिला आणि चांगली किंमत बोलला.

"लग्न झालं की सोडवून आणतो तुला," तरुण दावं सोडताना म्हणाला.

"कशाने?" चांद्याने विचारलं. "घाणा कोण ओढणार आहे तुझा?"

तरुण दाव्याची गाठ सोडत राहिला. चांद्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "झापड माझ्या डोळ्यांवर बांधायचास," तो म्हणाला, "आणि दिसत नाही ते तुला." मग व्यापाऱ्याने दावं ओढलं, आणि तो गेला. तरुण रडला. रडला, डोळे पुसले, आणि पैसे घेऊन सोनाराकडे गेला.

साखरपुड्याचा दिवस आला. मुलीच्या दारात मांडव होता. तरुण मामाच्या गाडीतून उतरला, मागून काकू, सोनार, पाटलीणबाई. म्हातारा तेली पेंडीची पाटी घेऊन सामोरा आला होता. त्याने गाडीचे बैल पाहिले आणि विचारलं, "चांद्याला नाही आणलंत?"

"घरी आहे," तरुण म्हणाला. "जरा विश्रांती देतोय."

म्हाताऱ्याने पाटी खाली ठेवली. तबक फिरायला लागलं.

काकूंनी अंगठी तोलली. "जड आहे. पण जुन्या घाटाची वाटते." सोनार म्हणाला, "घडण कोणाची ते मी सांगायला नको." पाटलीणबाईंनी ती दोन बोटांत धरली आणि पुटपुटल्या, "तेल्याच्या घरी एवढं सोनं? चोराचिलटांचं भय नाही वाटत?" ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा केला त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून साधं 'छान' निघालं नाही. निघत नसतंच. हे मी ओरडून ओरडून सांगत आलोय.

शेवटी तबक मामाकडे आलं. मामाला चेव चढला. तो उभा राहिला आणि मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साधी अंगठी नाही ही. माझ्या भाच्याने बैल विकून केलीय, बैल. आहे का कोणाची अशी छाती?"

तबक मुलीपुढे आलं. तिने अंगठी उचलली, पण बोटात घातली नाही.

"चांद्याला विकलं?" तिने विचारलं.

तरुणाने मान खाली घातली. "तुझ्यासाठीच केलं," तो म्हणाला.

"माझ्यासाठी? मग मला का नाही विचारलं?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बाबा तुमच्या घरून आले तेव्हा मी एकच विचारलं होतं, माणूस कसा आहे. ते म्हणाले, घटकाभर कोणीही गोड बोलतं, त्यावरून काय कळणार. पण इतकी वर्षं घाणा ओढून त्याच्या बैलाच्या खांद्यावर एक वळ नाही. त्यावर मी हो म्हटलं. तुमची कौलं बघून नाही, सोनं बघून नाही."

"मी त्याला सोडवून आणणार होतो," तरुण म्हणाला.

"चार माणसं बोलली, आणि ज्याने तुम्हाला जगवलं त्याला तुम्ही विकलंत. मी तर अजून तुमच्या घरात आलेलीही नाही. उद्या हीच चार माणसं माझ्याबद्दल काही बोलली, तर मला कुठल्या बाजारात न्याल?"

तिने अंगठी तबकात ठेवली. म्हाताऱ्याने तबक तरुणाच्या हातात परत दिलं आणि सगळ्यांना जेवून जायला सांगितलं. जेवले सगळे. पाटलीणबाईंनी दोनदा शिरा मागून घेतला.

परतीच्या वाटेवर मामा म्हणाला, "मी आधीपासून म्हणत होतो, बैल विकायला नको होता."

तरुण दुसऱ्याच दिवशी अंगठी परत करायला गेला. सोनाराने ती घेतली. घडणावळ कापली, तूट कापली, आणि उरलेले पैसे हातावर ठेवले. तेवढ्यात बैल तर सोडाच, बैलाची शेपटीही आली नसती. मग तरुणाने घाण्याचं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. बैलाच्या जागी तो फिरायला लागला. शेजारचे लोक तेल न्यायला येत आणि म्हणत, बैल होता तेव्हा तेल जास्त चांगलं निघायचं.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पावसाळाही सरला. त्याच्या खांद्याला घट्टे पडले. पुढची दिवाळी होऊन थंडी पडली तेव्हा कुठे पुरेसे पैसे जमले. तो जंगलात व्यापाऱ्याच्या तळावर गेला आणि चांद्याला सोडवलं. चांद्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. खांद्यावर जू लागून मोठी जखम झाली होती. तरुणाला तिच्याकडे बघवेना. जवळ तेल होतं ते त्याने जखमेला लावलं आणि तो चांद्याच्या गळ्यात पडला.

"पुरे," चांद्या म्हणाला. "उजेड आहे तोवर नदी ओलांडू. तुला कुठे जायचंय ते मला माहीत आहे."

दोघे नदीपलीकडच्या गावात पोहोचले. म्हातारा तेली अंगणात तीळ पाखडत होता. तो उठला, चांद्याजवळ आला आणि त्याच्या खांद्यावरच्या जखमेकडे बघत राहिला. मग त्याने तरुणाचा खांदा पाहिला.

"आणलास सोडवून," म्हातारा म्हणाला. "चांगलं केलंस."

"मुलगी कुठे आहे?" तरुणाने विचारलं.

"ती सासरी गेली. गेल्याच महिन्यात."

तुम्हाला वाटलं असेल, ती दारात वाट बघत उभी असेल. मलाही लहानपणी तसंच वाटलं होतं. पण म्हाताऱ्याचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"थांबली होती ती," म्हातारा म्हणाला. "तू स्वतः घाणा ओढतोस असं कोणीतरी सांगितलं तेव्हा म्हणाली, बाबा, निरोप येईल, बैल आणतोय म्हणून. पावसाळाभर थांबली. दिवाळीपर्यंत थांबली. मग मी तरी तिला किती दिवस ठेवू? एक निरोप पाठवला असतास तर मी स्वतः घेऊन आलो असतो तिला. का नाही पाठवलास?"

तरुण खाली बघत म्हणाला, "लोक म्हणाले, ज्या दारातून नकार आला तिथे पुन्हा निरोप धाडू नये."

म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. चांद्याने डोळे मिटून घेतले. मी आता काय बोलू?

म्हणून सांगतो: खर्च किती करायचा हे जिच्याबरोबर आयुष्य काढायचं तिला विचारावं, बघणारे बघून आपापल्या घरी जातात.