न थांबणारा पाळणा

"पण बाबा, राग पुरता निवल्याशिवाय भावासमोर जायचं कसं?"

विश्वंभर मास्तर सलग तिसऱ्या दिवशी हेच विचारत होते.

बर्फाच्या डोंगराखाली गोंडोल्याचं, म्हणजे तारेवरून डोंगरावर जाणाऱ्या बंद पाळण्यांचं स्टेशन. तिथे शेगडी घेऊन एक म्हातारा फकीर बसायचा. सगळे त्याला बाबाच म्हणत. मास्तर कराडचे. बारा वर्षं ध्यान करणारे, आणि ते न विचारता सांगणारे. बाबा हिंदीत बोलायचे, मास्तर मराठीत. त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

धाकटा भाऊ जयवंत वरच्या स्टेशनावर नोकरीला. वडील गेले तेव्हा बर्फाने रस्ता बंद झाला आणि तो घरी पोचला थेट तेराव्याला. मास्तर दारातच म्हणाले, "आता कशाला आलास?" तो तसाच माघारी गेला. त्याला सात वर्षं झाली.

"बारा वर्षं डोळे मिटून बसलास," बाबा शेगडी फुंकत म्हणाले, "आणि राग तसाच?"

"निवतोय... थोडा राहिलाय."

"किती?"

मास्तर मनात म्हणाले, राग काय पायलीने मोजायचा असतो होय.

"उद्यापासून पाळणे बंद. महिनाभर दुरुस्ती," बाबा म्हणाले.

"आणि माझी परतीची गाडीही उद्याचीच..."

बाबा उठले. "चल. पाळणा थांबला की बस."

फलाटावर एकामागून एक पाळणे येत होते. गोगलगायीसारखे सरकत, वळसा घेऊन वर निघत होते. मास्तर छत्री काखेत मारून उभे राहिले. शिस्तीचा माणूस, हलत्या एसटीत जन्मात चढला नव्हता.

एक पाळणा गेला. दुसरा गेला.

नववाही गेला...

मागे बर्फावर घसरायच्या फळ्या खांद्यावर घेऊन पोरं खोळंबली होती. त्यातली नागपूरची एक पोरगी म्हणाली, "काय काका, मुहूर्त पाहून राहिले का?"

"थांबू तर दे आधी," मास्तर म्हणाले.

अख्खी रांग हसली.

मास्तरांचे कान लाल झाले. "बाबा, हा थांबतच नाही."

"नाही थांबत."

"मग तुम्हीच म्हणालात ना, थांबला की बस..."

"तू तीन दिवस तेच म्हणतोयस. मी एकदा म्हणून बघितलं."

मास्तरांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. तेवढ्यात आणखी दोन पाळणे गेले.

मग पुढचा आला, तसा त्यांनी डोळे मिटून पाय आत टाकला. बूड टेकलं. दार मिटलं. छत्री मात्र बाहेरच पडली.

पाळणा वर निघाला आणि मास्तरांचा धीर सुटला. खिडकीच्या फटीला तोंड लावून म्हणाले, "बाबा, राग अजून आहे हो... उतरतो मी."

बाबा छत्री उघडून बघत होते. चांगली होती.

"दार आतून उघडत नाही, मास्तर," ते म्हणाले. "वर जयवंत उघडतो."