कोरलगडाचा पहिला घास

कोरलगड पाहून उतरलेला पाहुणा पायथ्याच्या वाडीत जेवायला बसला, की घरची बाई त्याच्यासमोर बसते आणि त्याच्याच ताटातला पहिला घास उचलायला हात पुढे करते. हॉटेल नको, गावातलंच जेवू या, म्हणून हौसेने आलेली माणसं इथे दचकतात. कुणाला किळस येते, कुणाला उगाच शंका येते. मग तानूआत्या ओसरीवर टेकतात आणि सांगू लागतात. वाडीत हे सांगायचा मान त्यांचा.

फार मागे गडावर रायाजी नावाचा नवा किल्लेदार आला, म्हणे. आधीचा किल्लेदार जेवता जेवता ताटावरच कोसळला होता. गडाचा जुना कारभारी म्हाळसोजी याने रायाजीच्या कानावर घातलं, "पायथ्याच्या लोकांचा भरवसा धरू नका. दूध घालणारा सिदू फितूर आहे." सिदूला कोठडीत टाकलं. अमावास्येला त्याचा कडेलोट करायचं ठरलं.

पण संशय एकदा आत शिरला, की तो एका माणसापाशी थांबत नाही. रायाजीने गडाच्या मुदपाकखान्यातलं अन्न बंद केलं. स्वतःच भात शिजवायचा आणि हांडीवर नजर ठेवून जेवायचा. पहारेकरी आपसात हसले तरी त्याला वाटे, काहीतरी कट शिजतोय. अशात त्याला ताप भरला. चूल पेटवण्याचंही त्राण उरलं नाही.

तेव्हा सिदूची बायको भागू टोपलीत नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं घेऊन गड चढून आली.

"जिचा नवरा मी कड्यावरून लोटणार, ती मला जेवू घालणार?" रायाजी म्हणाला.

"आधी मी खाते. मग ठरवा."

तिने त्याच्या ताटातला घास खाल्ला. तो तिच्या ओठांकडे, बोटांकडे, डोळ्यांकडे बघत बसला. पिठलं थंड झालं, त्यावर साय धरली, पण त्याने ताटाला हात लावला नाही. ती टोपली उचलून गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. असं काही दिवस चाललं. शेवटी भुकेनेच त्याचा हात ताटाकडे नेला, असं सांगतात. अंगात बळ येऊ लागलं. तरी ती घास गिळेपर्यंत तो स्वतः गिळत नसे.

अमावास्या जवळ आली. त्या दिवशी दरवाजावर म्हाळसोजीने भागूची टोपली झडतीसाठी म्हणून अडवली आणि स्वतःच आत घेऊन आला. भागूने घास तोंडात घातला मात्र, तिचा चेहरा बदलला. तिने रायाजीच्या पुढ्यातलं ताट हाताने दूर फेकलं.

रायाजीने तलवार उपसली. "घातलंस ना विष?"

"घातलं असतं तर तुम्हाला खाऊ दिलं असतं," ती घास थुंकत म्हणाली. तिची जीभ जड होत चालली होती. "तुम्ही मेलात, तर माझ्या माणसावरचा आळ कोण पुसणार?"

रायाजीला ते पटलं, असं नाही. तिच्यावरही त्याचा विश्वास नव्हता. त्याने सांडलेलं पिठलं भाकरीच्या तुकड्यावर घेतलं आणि म्हाळसोजीपुढे धरलं. "खा."

"मी जेवून आलोय, सरकार."

"एकच घास."

म्हाळसोजी एक पाऊल मागे सरला. तेवढ्याने सगळं उघडं पडलं. किल्ला शत्रूच्या हवाली करायचा त्याचा बेत होता आणि आधीच्या किल्लेदारालाही त्यानेच संपवलं होतं, हे मग मारझोड न होताच त्याने कबूल केलं.

सिदू सुटला. भागू वाचली, पण तिच्या जिभेची चव कायमची गेली. पुढे आयुष्यभर ती मीठ अंदाजानेच घालायची, म्हणे.

बरं वाटल्यावर रायाजी तिच्या घरी जेवायला उतरला. अख्खी वाडी दारात जमली. ताट वाढलं आणि सवयीने भागूचा हात घासाकडे गेला. रायाजीने एका हाताने ताट झाकलं.

"आज नको," तो म्हणाला, आणि त्याने पहिला घास स्वतः घेतला.

आजही वाडीत घरच्या बाईचा हात पुढे येतो. पाहुण्याने तो घास घेऊ दिला, तर त्याला पाहुण्यासारखं वाढतात, पापड-मिरगुंडं, गोडधोड. ज्याने हाताने ताट झाकून "आज नको" म्हटलं, त्याला चुलीपाशी बसवतात आणि घरात जे शिजलं असेल ते वाढतात. हे ऐकून हल्ली बरेचजण लगेच ताट झाकतात. तानूआत्या त्यांना हसत नाहीत. त्या म्हणतात, तो पहिला घास घेताना रायाजीची नजरही भागूच्या चेहऱ्यावरून हटली नव्हती. पण तिला आधी खायला लावायला ताटावरचा हात त्याने काढला नाही.